विहिरीच्या काठावरची हातभर फट

दोरेबाबानं लाल दोरीचं टोक गावच्या पिण्याच्या विहिरीच्या काठावर दगडाखाली दाबलं, आणि एवढ्या गर्दीत कोणाचा साधा खोकलाही ऐकू येईना. हिंगणघाटच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं कुंभारखेड एरवी बोलण्यात कोणाला हार जात नाही. पण पंधरवड्यापासून घरोघरी पोरं उलट्या-जुलाबांनी लोळत होती. किराणा दुकानदार मोतीलालचा नातू पियुष सावंगीच्या दवाखान्यात सलाइनवर होता. म्हणून तर गावानं बाधा उतरवणाऱ्या या बाबाला बोलावलं होतं. भ्यालेल्या माणसाला काय, दोरीसुद्धा देवाची वाटते.

शाळेच्या ज्योत्स्ना मॅडम गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी तानाबाई, शाळेत पोरांची खिचडी रांधणारी. नवरा जाऊन वर्षं झाली, पोरबाळ नाही. तिचं घर विहिरीला लागूनच, दार थेट काठासमोर. बाबानं पहिला दगड नेमका त्या दारासमोर ठेवला होता, आणि ते मॅडमच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"नीट पाहा रे सारेजण!" बाबा गरजला. "विहिरीची जेवढी रुंदी तेवढी ही दोरी. एक ब्रह्म्याची, एक विष्णूची, एक महादेवाची! गोल म्हंजे तिप्पट. शुद्ध विहीर तीन दोऱ्यांत बंद होते. नाई झाली तं समजा, कोनंतरी तिचं कुंपण फोडलं!"

"तिप्पट तं खरंच आहे," म्हातारे बाबाराव मान डोलावत म्हणाले. "धान्याच्या कणगीले बांबूचा तट्टाबी आपण रुंदीच्या तिप्पटच घेतो."

बाबाचा चेला काठावरून दोरी अंथरत निघाला. एक झाली. दुसरी झाली. तिसरी दोरी विहिरीला जवळजवळ वळसा घालून आली आणि पहिल्या दगडापासून हातभर अलीकडे संपली. त्या हातभर फटीत काहीच नव्हतं, नुसतं ओलं सिमेंट होतं. पण फटीसमोर तानाबाईचं दार होतं.

"येथूनच शिरली बाधा," बाबा आता हळू बोलला, आणि ते गरजण्यापेक्षा भयंकर होतं. "जिचं दार फटीसमोर, तिनंच पोरं धरली. दिवस बुडायच्या आत तिले शिवेबाहेर काढा. नाई तं सावंगीतलं पोरगं घरी येत नाई."

तानाबाई एक पाऊल मागं सरली. मागून कोणीतरी म्हणालं, "हिच्याच हातची खिचडी खातेत न पोट्टे!" कोणीतरी वाकून दगड उचलला. मग आणखी एकानं उचलला. मॅडमनी पोलीस ठाण्याला आधीच फोन लावला होता. गाडी निघाली म्हणत होते, पण निघालेली गाडी पोचेस्तोवर इथं काय होईल हे त्यांना दिसत होतं. तरी त्या पुढं झाल्या.

"बाबा, एकदा पहिला दगड दुसरीकडं ठेवून मोजा."

"देवाची परीक्षा पाहून राह्यली का, बाई?"

"देवाची नाई. दोरीची."

बाबा हसला, पण मोतीलाल हसला नाही. त्याचे डोळे रडून सुजले होते. "मोजू द्या तिले," तो म्हणाला. "दोरी खरी असन तं कुठूनबी खरीच निघन."

सहावीतली जागृती वर्गात दोरीनं मोजायचं काम चांगलं शिकली होती. तिनं आणि मॅडमनी दगड कडुनिंबाच्या बाजूला ठेवला, तीच लाल दोरी काठावरून तीनदा अंथरली. फट पुन्हा उरली, तेवढीच, हातभर. पण यावेळी ती कडुनिंबाखालच्या बाबारावांच्या ओट्यासमोर होती.

मग गर्दीतून आवाज आला, "बाबाराव! तुमच्याबी घरात बाधा?"

गर्दी वळली. दगड हातात घेतलेली तीच माणसं आता बाबारावांकडे पाहू लागली, आणि म्हातारा ओट्याकडे मागं सरला. फास सुटला नव्हता, फक्त दुसऱ्या गळ्यात पडला होता!

"जागृती, थांबू नको! पुन्हा!"

तिसऱ्यांदा फट मोतीलालच्या दुकानासमोर आली. चौथ्यांदा दगड काठाजवळ मांडलेल्या बाबाच्या गादीसमोर ठेवला, तर फट त्याच्याच पायाशी.

"बाबा," मॅडम म्हणाल्या, "आता तुमाले कोणी शिवेबाहेर काढायचं?"

कोणीतरी खुदकन हसलं. बाबाचा चेहरा उतरला. "मंत्र भंगला! बाईमाणसानं दोरी शिवली!" तो ओरडला.

"मग दुसरा दोरा घेऊ," मॅडम म्हणाल्या. "जा रे, घरून गोल दिसन थे आणा!"

पोरं पळाली. शेजारच्या जिजाबाईंची परात आली, तवा आला, सायकलची रिंग आली, कोणी हातातली बांगडीच काढून दिली. प्रत्येकाच्या रुंदीएवढा दोरा कापायचा, कडेनं तीनदा लावायचा. पोरंच मोजत होती, मोठी माणसं वाकून पाहत होती. बांगडीत फट नखाएवढी, परातीत चार बोटं, रिंगेत त्याहून मोठी. बंद एकही झालं नाही.

"दोर्‍याची सात सारख्या भागांत घडी घाला," मॅडम म्हणाल्या. "एक घडी फटीत लावून पाहा." बांगडीलाही बसली, परातीलाही. विहीर सात हात रुंद, म्हणून फट एक हात.

"कोणतंबी गोल रुंदीच्या तिपटीत मावत नाई. तीन पट, अन् वर सातव्या हिश्श्याहून किंचित कमी. पुस्तकात या पटीले 'पाय' म्हणतात, बावीस सप्तमांश धरतो थे. दोरी तोकडी पडणारच, अन् फट पडते थेट पहिल्या दगडाजवळ. दगड कुठं ठेवायचा, थे यानं ठरवलं. ज्या बाईच्या मागं बोलणारं कोणी नाई, तिचं दार यानं आधीच हेरलं होतं."

बाबाराव पुढं आले. "म्हंजे... कणगीले तिप्पट तट्टा घेऊन उरल्या फटीत आपण गोणपाट कोंबतो, थे..."

"जन्मभर कोंबलं न, बाबाराव? तिथं कोणाची करणी शोधली होती काय?"

बाबाराव खाली बसले. एकेक दगड हातातून सुटून पडत गेला. ठाण्याची गाडी आली तेव्हा बाबा आणि चेला उभ्या कपाशीच्या वावरातून पळत होते. फार लांब जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या माणसांनी पाणी तपासलं. फुटक्या गटाराचं पाणी विहिरीत झिरपत होतं. गटार बुजवलं, विहीर उपसली, पाणी उकळून प्यायला सुरुवात झाली आणि पियुषही आठवड्याभरात घरी आला.

शाळेत तानाबाई पुन्हा खिचडी रांधू लागली. माफी मागायला कोणी आलं का, असं मॅडमनी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"मॅडम, एक विचारू? यावेळी तुमाले गणित येत होतं म्हणून मी वाचली. त्यानं दोरी न आणता लिंबू कापलं असतं, अन् थे लाल निघालं असतं, तं?"

हे एकट्या मॅडमनी द्यायचं उत्तरच नव्हे. प्रत्येक भोंदूची प्रत्येक युक्ती कोणालाच ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असावी लागतही नाही. लिंबू लाल निघालं तर लिंबू कोणी आणलं, सुरीला काय लावलं, दुसऱ्या सुरीनं काय होतं, एवढं विचारलं तरी पुरे. आणि उत्तर मिळत नाही तोवर, बाबांनो, कोणाही एकट्या बाईच्या दाराकडे बोट दाखवू नका.