सहा तासांचा कॅमेरा

माणसाच्या पायाच्या चालीनं मोटार चालवायची म्हणजे काय, ते ज्यानं चालवली त्यालाच ठाऊक. पहिल्या गिअरमध्ये गाडी कण्हत राहते, क्लचवरचा पाय भरून येतो आणि मागचे लोक आईबहीण काढावी तसा हॉर्न वाजवतात. कामरगावचा गोविंदा हे काम सात वर्षं करत होता. जैन साध्वी पायी विहाराला निघाल्या की त्यांच्या मागं पन्नास पावलांवर जवरीलाल शेठची पांढरी गाडी असायची. चारही इंडिकेटर चालू, मागच्या काचेवर 'साध्वीजी पायी चालत आहेत' असा कागद, आणि स्टिअरिंगवर गोविंदा.

साध्वी गाडीत बसत नाहीत, पायात चप्पल घालत नाहीत. ज्या म्हाताऱ्या साध्वीला चालवत नाही, तिला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत न्यावं लागतं. ढकलायला बाई लागते. ती बाई म्हणजे गोविंदाची बायको भागिरथा. वीस-वीस किलोमीटर ती खुर्ची ढकलायची आणि वर साध्वींशी गप्पा मारायची. नवरा-बायको बौद्ध, शेठचं घर जैन, पण कामरगावात कोणी म्हटलं असतं की शेठ तुला कधी दगा देईल, तर गोविंदानं त्याची गचांडी धरली असती. शेठचं कापडाचं दुकान. गोविंदाच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता तिथूनच गेला होता आणि शेठ स्वतः मांडवात पंगत वाढायला उभा होता. अशी माणसं दगा देत नसतात, असं गोविंदाला वाटायचं. खरं म्हणजे दगा अशीच माणसं देतात. परक्याला दगा द्यायची सोयच नसते.

गाडीत कॅमेरा बसवायची कल्पनाही शेठचीच. ट्रकवाले, टिप्परवाले, दारू पिऊन मोटारसायकल हाणणारे, कोणालाच रस्त्यावरचं पायी चालणारं माणूस दिसत नाही. उद्या काही झालं तर पुरावा पाहिजे, म्हणून त्यानं कारंज्याच्या फुलचंदकडून पुढच्या काचेला डॅशकॅम लावून घेतला. चाबी फिरवली की कॅमेरा चालू, गाडी बंद की कॅमेरा बंद. आतलं कार्ड कसं भरतं न् भरल्यावर काय होतं, हे गोविंदानं कधी विचारलं नाही. ड्रायव्हरचं काम गाडी चालवायचं.

जूनचा पहिला आठवडा होता. तीन साध्वींना चातुर्मासासाठी शिरपूरला पोचायचं होतं. कामरगावहून पहाटे निघाले, सहाच्या सुमारास चांगलं उजाडलं होतं. दोन साध्वी पुढं, त्यांच्या मागं शेठची बायको सूरजबाई न् आणखी दोघी बाया, आणि सगळ्यांच्या मागं भागिरथा, खुर्चीत चंदनाश्रीजी महाराजसाहेब. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

समोरून एसटी आली. एसटीच्या मागून गिट्टीचा टिप्पर निघाला आणि ओव्हरटेक करत थेट या बायांच्या अंगावर आला. पुढच्या साऱ्या बाजूला उड्या मारून निघाल्या. खुर्चीला उडी मारता येत नाही. भागिरथानं अंगातला सगळा जोर लावून खुर्ची साइडपट्टीच्या खाली लोटून दिली. खुर्ची झुडपात जाऊन अडकली, म्हातारीला नुसतं खरचटलं. लोटणारी मात्र रस्त्यावरच राहिली. टिप्परचं मागचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं, टिप्पर गोविंदाच्या गाडीला वीतभर चुकवून निघून गेला, थांबला नाही.

गोविंदा धावत पोचला तेव्हा सूरजबाईनं भागिरथाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिची सगळी साडी लाल झाली होती. "पाह्यलं रे गोविंदा, म्या सगळं पाह्यलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पंधरा मिनिटांत शेठ आला. कॅमेऱ्यातला व्हिडिओ त्यानं तिथंच आपल्या मोबाइलवर लावून पाहिला. डोळ्याला पाणी आलं त्याच्या, हे गोविंदानं स्वतः पाहिलं.

"नंबरासकट आलं आहे," शेठ म्हणाला. "तू कॅमेऱ्याले हातच लावू नको. आहे तिथं राहू दे. पोलिसायचं मी पाहतो. तू भागिरथाले अमरावतीले ने."

गोविंदानं नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला.

"गोविंदा, एक इंजेक्शन लागते म्हणे जखम सडू नये म्हणून. नागपूरले माझ्या ओळखीचा दुकानदार आहे, त्याले सांगून ठेवलं. गाडी घेऊन जा न् घेऊन ये."

"इथं नाई मिळत काय जी?"

"इथलं खरं का खोटं कोणाले माहीत. बायकोच्या जिवाचा सवाल आहे, आळस करू नको."

गोविंदा गेला. तीन तास जायला, तीन तास यायला. नर्सनं डबी उलटीसुलटी करून पाहिली. "एवढ्यासाठी नागपूरले गेलते? हे तं खालच्याच मेडिकलमंदी भेटते, भाऊ."

गोविंदा हसला होता तेव्हा. भागिरथाला म्हणाला होता, "शेठजीची मायाच लय. भरोसा नाई कोणावर त्यायचा, तुयासाठी."

त्यानंतर महिना-सव्वा महिना दवाखाना, ड्रेसिंग, कुबड्या. पोलिसांचं काय झालं विचारलं की शेठ म्हणायचा, चालू आहे, कायदा सावकाश चालते. जुलै संपत आला तेव्हा गोविंदा स्वतःच ठाण्यात गेला. जमादारानं कागद काढून वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की खुर्ची ढकलणाऱ्या बाईचा ताबा सुटून ती रस्त्याच्या मधोमध आली, टिप्परचालक रामधन यानं वाचवायचा आटोकाट प्रयत्न केला.

गोविंदाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद वाचून राह्यला.

"साहेब, थो टिप्पर रॉन्ग साइडनं आला. म्या पाह्यलं."

"तू नवरा. नवरा असंच म्हणन."

"सूरजबाईनं पाह्यलं. तिच्या डोळ्यासमोर झालं."

जमादारानं पान उलटलं. "सूरजबाईचा जबाब आहे ना. आमच्या धर्मात पायाखाली जीवजंतू मरू नये म्हणून खाली मान घालून चालतात, त्यामुळं मला काही दिसलं नाही. सही आहे."

पायाखालची मुंगी दिसते, अंगावर आलेला टिप्पर दिसत नाही. "व्हिडिओ आहे साहेब," तो म्हणाला. "शेठजीनं दिला नाई काय तुमाले?"

"कोणता व्हिडिओ?"

गाडी दारातच उभी होती. गोविंदानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं. जमादारानं कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर रस्ता दिसला. कालचा रस्ता. इंझोरीला शेठच्या पाहुण्यांना सोडलं होतं, तो. म्हशी, पुलाचं काम, एक लग्नाचा फाटका बॅनर. जमादारानं मागं-मागं नेलं, परवाचा दिवस आला आणि कार्ड संपलं. जूनमधलं काहीच नव्हतं.

शेठकडं गेला तर शेठ कापडाचं ठाण गुंडाळत होता. "मले वाटलं कॅमेऱ्यातच असन," तो मान वर न करता म्हणाला. "आपण कोठं शिकलेले आहो त्यातले. नशीब समज."

कॅमेरा बिघडला असेल म्हणून गोविंदा कारंज्याला फुलचंदच्या दुकानात गेला. फुलचंद सरळ माणूस. त्याला काही लपवायचं आहे हेच माहीत नव्हतं.

"बिघडला नाई बाप्पा. कार्ड सहा तासाचं आहे. सहा तास गाडी चालली की जुनं पुसते न् त्याच्यावर नवं लिहिते. तुयाच गाडीले धक्का बसला असता तं थो तुकडा आपोआप लॉक झाला असता. तुया गाडीले काई लागलंच नाई."

"मंग आधी सांगाले पाह्यजे होतं ना."

"सांगतलं ना शेठले. ॲक्सिडेंट झाला त्याच दिवशी दुपारी फोन आलता त्यायचा. म्या म्हटलं कार्ड काढून ठेवा, नाई तं गाडी उभी ठेवा. त्यायनं खोदून खोदून इचारलं, किती तास चालली की जाते? म्या म्हटलं सहा. म्हणे, नक्की सहा ना?"

गोविंदा दुकानाच्या पायरीवर बसला. तीन तास जायला, तीन तास यायला. बोरगाव, कोंढाळी, वाडी, एकेक गाव त्याच्या डोळ्यापुढं आलं. रस्ता मोकळा होता त्या दिवशी. बायकोसाठी औषध आणायचं म्हणून तो कुठं चहालाही थांबला नव्हता. एकेका किलोमीटरला त्यानं बायकोचा पाय स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता, आणि पुसताना शेठला दुवा देत होता.

शेठनं असं काहून केलं, हे कळायला वेळ लागला नाही. फुलचंदच्या दुकानात बसलेल्या एका गिऱ्हाइकानंच सांगितलं. टिप्पर हरिसिंगाचा. हरिसिंगाचा गिट्टीचा क्रशर, आणि क्रशरला लागून रस्त्यावरची त्याची एकरभर जागा. ती जागा हरिसिंगानं विहारधामाला द्यायचं कबूल केलं होतं, साध्वींना मुक्कामाला पक्की इमारत. पुढच्या महिन्यात भूमिपूजन. पत्रिकेवर जवरीलालचं नाव सगळ्यात वर.

गोविंदानं त्या संध्याकाळी गाडीची चाबी दुकानाच्या गल्ल्यावर ठेवली आणि निघून आला. शेठनं हाक मारली नाही.

भादव्यात संवत्सरी आली. जैनांचा क्षमा मागायचा दिवस. दरवर्षी शेठ न् सूरजबाई गोविंदाच्या घरी येत, हात जोडत. दरवर्षी भागिरथा म्हणायची, आमचंबी काई चुकलं असन तं पोटात घाला जी, आणि चहा टाकायची. गोविंदाला वाटलं या वर्षी येणार नाहीत. पण आले. गावाला दिसायला पाहिजे ना.

भागिरथा खाटेवर बसली होती, रिकाम्या पायावर चादर. शेठनं हात जोडले.

"भागिरथाबाई, मनानं, वाचेनं, कायेनं, जाणतेपणी अजाणतेपणी कोणाचं मन दुखवलं असन, तं मिच्छामि दुक्कडम्."

"बसा," भागिरथा म्हणाली. "अजाणतेपणीचं माफ केलं. जाणतेपणीचं कोणतं, ते सांगा."

शेठ हसल्यासारखं करून म्हणाला, "असं नाव घेऊन माफी मागत नसते, बाई. सगळ्याचीच एकदम मागतात."

"गठ्ठ्यानं? दुकानात तं तुमी एकेक मीटर मोजून फाडता."

सूरजबाईनं पदर तोंडाला लावला. गोविंदा दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "फुलचंदले फोन कायले केलता, ते सांगा शेठजी."

शेठचे हात जोडलेलेच होते, ते त्यानं हळूहळू खाली घेतले. मग तो जे बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच गोविंदाला जास्त लागलं.

"गोविंदा, थो पाय गेलता. व्हिडिओ दिल्यानं परत येत होता काय? हरिसिंग अडकला असता तं जागा गेली असती. थे धाम झालं, तं उद्या कोणत्याच साध्वीले अंधारात रस्त्यानं चालावं लागणार नाई. म्या मोठं पाह्यलं रे. तुमचं दवाखान्याचं सगळं म्या केलं का नाई?"

"पाय माझा न् मोठं तुमी पाह्यलं," भागिरथा म्हणाली. "पाय नाई मागत मी. थो कसा गेला, तेवढं मागते. कागदावर लिहिलं की माझ्या हातून खुर्ची सुटली. सात वर्षात एक डाव सुटली काय हो सूरजबाई? तुमी सांगा. मान खाली होती म्हणे तुमची. मंग माझं डोकं मांडीवर कोणी घेतलं?"

सूरजबाई रडायला लागली. रडणं खरं होतं. त्याचा उपयोग काही नव्हता.

"ठाण्यात चला," भागिरथा म्हणाली. "'व्हिडिओ म्या पाह्यला न् टिप्पर रॉन्ग साइडनं आलता', एवढं जमादारले सांगा. मंग सगळं माफ, गठ्ठ्यानं. आत्ता, इथंच."

गोविंदा शेठच्या तोंडाकडं पाहत राहिला. फुलचंदनं सांगितल्यावर, चाबी टाकून आल्यावरसुद्धा, त्याच्या मनात कुठंतरी होतं की समोरासमोर आल्यावर शेठ बोलेल. ज्यानं पोरीच्या मांडवात पंगत वाढली तो बोलेल. शेठ उठला.

"चला," तो बायकोला म्हणाला. सूरजबाई क्षणभर बसून राहिली, भागिरथाच्या चादरीकडं पाहिलं आणि उठली. दाराशी चप्पल घालता घालता शेठ गोविंदाला हळूच म्हणाला, "घरातली गोष्ट आहे. घरातच राहू दे."

"कोणत्या घरातली?" गोविंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको ठाण्यात गेले. ऑटोतून उतरताना भागिरथाची कुबडी चिखलात रुतली, गोविंदा आधार द्यायला गेला तर तिनं हात झटकला आणि ठाण्याच्या पायऱ्या स्वतःच चढली. जमादारानं दोघांना पाहून सुस्कारा टाकला.

"पुन्हा जबाब? पुरावा तं नाई म्हणे. पुसला गेला."

"गेला नाई," गोविंदा म्हणाला. "म्या पुसला. अमरावतीहून नागपूरले न् वापस, सहा तास गाडी चालवून. लिहा. कोणाच्या सांगण्यावरून गेलो, त्याचं नावबी लिहा. पुरावा पुसल्याचा गुन्हा असन तं पहिलं नाव माझं टाका. दुसरं मी सांगतो."

"अरे, वेडा झाला काय? स्वतःवरच गुन्हा घेतो? शेठ मोठा माणूस आहे, वकील उभा करन. तू फसशीन."

"फसलो तं कवाच. आता लिहा."

जमादारानं पेन उचललं नाही. भागिरथानं कुबडी टेबलाला टेकवली, समोरची खुर्ची ओढली आणि सावकाश बसली.

"तुमाले सवड होईल तवा लिहा, साहेब," ती म्हणाली. "आमी बसलो आहो."