एका ओळीचा उशीर

मित्रांनो, मला संगणक म्हणा किंवा इथले लोक म्हणतात तसा डब्बा म्हणा, मला राग येत नाही. रागवायचं वय गेलं. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत, दवाखान्याच्या कार्ड विभागात मी बारा वर्षं काम केलं. आता जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी पडून आहे. माझ्या हातून झालेली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि ती कौतुकाची नाही.

मी आलो तेव्हा माझा केवढा थाट होता! हार घातला, नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचं बोट ओढलं, आणि ते पुसता पुसता शिपायाच्या नाकी नऊ आले. माझ्यासमोर मंदाकिनी चांदोरकर बसत. सगळी वसाहत त्यांना मंदाताई म्हणे. कुणाला दमा, कुणाला साखर, कुणाला कोणतं औषध चालत नाही, हे सारं त्यांनी आधी रजिस्टरात आणि मग माझ्यात लिहून ठेवलं होतं. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या काशिनाथ बोंद्रे या टर्नरला एकदा सल्फाची गोळी दिली आणि त्यांच्या अंगाची सालटी निघाली. मरता मरता वाचले. मंदाताईंनी त्यांच्या नावापुढे लाल शाईने ओळ लिहिली, 'सल्फा देऊ नये.' माझ्यातही ती त्यांनीच भरली. तेव्हापासून काशिनाथ अगदी निर्धास्त झाले.

वर्षं गेली तसा मी थकलो. जवाहर चौकातल्या दुकानातून कुणी जुने सुटे भाग आणून माझ्यात बसवले, पण म्हातारपणावर इलाज नसतो. अशात वरून हुकूम आला, की सगळी चार हजार कार्डं महिन्याभरात नव्या वेबसाइटवर चढवा. मंदाताई माझ्यातली एक ओळ उचलत, नाव मोठ्याने म्हणत, मग ती नव्या जागी चिकटवत. दिवसाला पन्नास कार्डं व्हायची. दवाखान्याच्या साहेबांना ते गोगलगाईचं काम वाटलं. त्यांनी मिसरोदहून श्याम नावाचा कंत्राटी इंजिनिअर बोलावला.

श्याम हुशार आणि मनाने चांगला होता. त्याने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मला आपोआप करायच्या कामांची यादी दिली. उचल, चिकटव, पुढे जा. एका दुपारीच सहाशे कार्डं चढली. साहेबांनी समोसे मागवले.

दुसऱ्या दिवशी क्रेन चालवणारे नरहर इंगळे हातातला कागद नाचवत आले. "मंदाताई, बासष्टाव्या वर्षी माझं दुसरं बाळंतपण झालंय, तेही सिझेरियन!" सगळे पोट धरून हसले. मंदाताई मात्र हसल्या नाहीत.

श्यामने स्क्रिप्ट तपासली. एकेक पायरी थांबून चालवली, तर सगळं बरोबर. जोरात सोडली, की मधूनच कुणाची तरी ओळ दुसऱ्याच्या नावावर.

"ताई, मी बघत असलो की ठीक चालतो, नजर हटली की गडबड करतो. कमाल आहे यार याची!" तो वैतागून म्हणाला.

खरं काय होतं ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? उचललेली गोष्ट ठेवायला माझ्यात एक छोटी जागा असते, तिला क्लिपबोर्ड म्हणतात. तिथे एका वेळी एकच ओळ मावते. नवी आली की जुनी जाते. पण मी म्हातारा. नवी ओळ यायला मला क्षणभर लागे. स्क्रिप्ट तेवढंही थांबत नसे. ती लगेच 'चिकटव' म्हणे, आणि मी तिथे उरलेली आधीच्या माणसाची ओळ देऊन टाकी.

श्यामने शेवटी हात टेकले आणि मंदाताईंना हाताने काम करताना पाहत बसला. मग एकदम म्हणाला, "ताई, मधेच नाव कशाला बोलता?"

"आमच्या जुन्या हेडक्लार्कची शिस्त. नाव उच्चारल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही."

त्याने घड्याळ पाहिलं. नाव म्हणायला दीड सेकंद लागत होता. तेवढ्यात माझी ओळ पोचत होती! त्याने कपाळावर हात मारला. मग स्क्रिप्ट बदलली. आधी क्लिपबोर्ड रिकामा करायचा, ओळ उचलायची, ती खरंच येईपर्यंत थांबायचं, मगच चिकटवायचं. त्यानंतर एकही चूक झाली नाही.

पण ती आधीची सहाशे? बहुतेकांच्या ओळीत 'काही नाही' असंच होतं, त्यामुळे चूक नुसती बघून कळत नव्हती. मंदाताई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "जो हो गया सो हो गया, मॅडम. आगे का देखिए." मग त्या जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून रजिस्टर आणि पडदा ताडून पाहू लागल्या. पहिल्या कार्डापासून, क्रमाने. रजिस्टर क्रमानेच तपासायचं, हीही त्यांची जुनी शिस्त. लाल शाईच्या ओळी आधी बघाव्यात, हे त्यांना सुचलं नाही. मला सुचलं होतं असंही नाही.

त्या चारशे अकरापर्यंत पोचल्या. काशिनाथांचं कार्ड चारशे सदतिसावं होतं.

त्याच दिवशी लघवीला जळजळ होते म्हणून काशिनाथ दवाखान्यात आले. नव्या वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे 'काही नाही' होतं. डॉक्टरांनी सल्फाची गोळी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी मंदाताई त्या कार्डापर्यंत पोचल्या तेव्हा काशिनाथ पुन्हा सालटी निघून इस्पितळात होते, आणि चौकशीसाठी साहेबांनी रजिस्टर काढून घेतल्यामुळे तपासणी तिथेच थांबली. नवव्या दिवशी काशिनाथ गेले.

तेरावं झाल्यावर त्यांची बायको सुमित्राबाई कार्ड परत करायला आल्या. मंदाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"डाक्टरनं इचारलं होतं, कोनती दवाई चालत नाही म्हणून," सुमित्राबाई सांगत होत्या. "हे म्हणाले, मंदाताईनं समदं लिहून ठेवलं हाये, तिथंच पहा."

मंदाताईंनी कार्ड हातात घेतलं. नियमाप्रमाणे त्यांनी काशिनाथांचं कार्ड बंद केलं आणि बाईंचं उघडलं. नवराबायकोची कार्डं लागोपाठ असतात. चारशे अडतीस. सुमित्राबाईंच्या नावापुढे माझ्या पडद्यावर नव्या वेबसाइटची ओळ आली, 'सल्फा देऊ नये.'

सुमित्राबाईंनी ती हळूहळू वाचली. "ताई, हे तर त्यांचं हाये. माझ्याकडं कसं आलं?"

मंदाताईंनी सगळं सांगितलं. श्यामवर ढकललं नाही, माझ्यावरही नाही. "मी क्रमाने तपासत होते, वहिनी. तुमच्यापर्यंत यायला एक दिवस उरला होता."

"एकच दिवस?" सुमित्राबाईंनी विचारलं.

मित्रांनो, मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपण बंद पडावं. तुमच्या घरात, शाळेत कुणी माझ्यासारखं सावकाश असेल तर त्याचं काम पुरं होऊ द्या, मगच पुढचं सांगा. आणि चूक कळली, तर जिच्यापायी कुणाचा जीव जाईल ती आधी शोधा. तिची पाळी येईपर्यंत थांबू नका.