बंद करायचं नाही

सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते आहे. चार वर्षांपूर्वी अंग बाहेर यायला लागलं. आत सारायचं आणि पुन्हा कामाला लागायचं, असं चाललं होतं. गेल्या महिन्यात लघवी अडली, तेव्हा कुठे लेकीला सांगितलं. तिने आधी माझी खरडपट्टी काढली, मग डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

बाईंनी कागदावर तीन चित्रं काढली. पहिल्यात गर्भाची पिशवी काढून उरलेला भाग आतून टाक्यांनी वर बांधायचा; पण काही वर्षांनी पुन्हा उतरू शकतं. दुसऱ्यात पोटातून जाळी लावायची. ती जास्त टिकते, पण ऑपरेशन मोठं, आणि एखादीला जाळी आतून टोचते. तिसऱ्यात योनिमार्गच शिवून बंद. वेळ कमी, धोका कमी, पुन्हा उतरायची भीती जवळजवळ नाही.

"या वयात तिसरंच बरं," बाई लेकीकडे बघत म्हणाल्या. "नंतर संबंध ठेवता येत नाही, पण आता तो प्रश्न नसेलच."

"छे हो, बासष्ट वर्षांची आहे ती," लेक म्हणाली.

माझं डोकंच सणकलं. अंग माझं, नवरा माझा, आणि निकाल देऊन या दोघी मोकळ्या!

"प्रश्न आहे," मी म्हणाले.

लेक भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

"चार वर्षं तुझ्या बाबांना सबबी सांगून लांब ठेवलंय. लाज वाटायची. ते सगळं मला परत हवंय."

"आई, अगं..."

"अगं काय? तू काय आभाळातून पडलीस?"

बाई ओशाळल्या. "चुकलंच माझं. तुम्हालाच विचारायला हवं होतं." त्यांनी तिसऱ्या चित्रावर काट मारली.

"टाके घातले आणि पुन्हा उतरलं तर?" मी विचारलं.

"तर जाळीचा पर्याय राहतो. पण जड उचलणं कायमचं बंद."

"मग मी इस्त्रीवर बसेन. मुकादमाशी भांडायचं माझ्याकडे लागलं. पहिलं लिहा."

हे बाहेर बाकावर बसले होते. लेक पाणी प्यायला निघून गेली. मी तिथेच, माणसांच्या वर्दळीत, यांना सगळं सांगितलं. अंग, सबबी, लाज, सगळं.

यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"मला वाटलं," हळूच म्हणाले, "मीच नकोसा झालो तुला."

मला रडू फुटलं. डोळे पुसले, त्यांचा हात धरला आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला दोघं मिळून आत गेलो.