नलूएवढी

दारात माय उभी दिसली तसा देवरावानं टाक खाली ठेवला आणि तो खुर्चीवरून उठला. महागावहून सकाळच्या एसटीनं ती आली होती. चपला तिनं बाहेरच काढल्या होत्या.

"घाल माय पायात. इथं सारेच चपला घालून येतात."

"राहू दे," माय म्हणाली आणि त्याच्या टेबलाजवळच्या बाकावर टेकली.

यवतमाळच्या या विमा कचेरीत देवराव शिकाऊ गणिती म्हणून लागला, त्याला वर्ष होत आलं होतं. वस्तीनं बौद्ध दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्याच वर्षी तो नागपूरला कॉलेजात गेला होता. बाप नव्हता. गावी माय एकटी.

"दिवसभर काय लिहत राह्यतं रे तू?"

"कोन्त्या वयाची किती मानसं वर्षभरात मरतात, त्याचा हिशेब. त्याच्यावरून विम्याचा हप्ता ठरते."

माय समोरच्या कोष्टकाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"यात लेकरं बी असतात?"

"नाई. विमा उतरवलेली मोठी मानसंच."

"मंग आपली नलू नसन यात."

थोरली बहीण नलू हगवणीनं गेली तेव्हा देवराव पाळण्यात होता. घरात तिचं नाव क्वचितच निघे.

"केवढी असती रे आता ते?"

दिवसभर दुसऱ्यांची वयं मांडणाऱ्या देवरावानं हे गणित कधी केलं नव्हतं. खिडकीशी एक बाई टाइप करत बसल्या होत्या, त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला,

"त्या विजयमालाबाई आहेत ना, त्यायच्याएवढी."

तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. मुंबईच्या मुख्य कचेरीत पुढच्या शिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. सोमवारी निघायचं होतं. साहेबांनी हात मिळवला. देवराव हसला, आणि मायला कसं सांगावं या विचारात बाहेर आला.

बाक रिकामा होता. माय विजयमालाबाईंच्या टेबलाशी उभी होती, भाकरीचं फडकं सोडून. देवराव जागीच थांबला. या कचेरीत त्याला कोणी कधी वावगं बोललं नव्हतं. पण दुपारी तो मागच्या ओसरीत एकटाच जेवायचा, आणि कोणी बोलवायला येत नसे.

"बोटं दुखत असतीन तुह्ये," माय म्हणत होती. "खाऊन घे दोन घास."

विजयमालाबाईंचा हात यंत्रावरच राहिला. आजूबाजूच्या टेबलांवरून माना वळल्या. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बसा ना, आई."

माय बसली. त्या खात होत्या तोवर तिनं त्यांच्यावरून नजर काढली नाही.

देवराव जवळ गेला.

"माय, मले मुंबईले शिकाले धाडून राह्यले."

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्षं तरी."

मायनं फडक्याची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"जा," ती म्हणाली. "तिथं कोनासंग जेवशीन?"

विजयमालाबाईंनी बोटं पुसली.

"आई, देवराव गेले तरी यवतमाळला आलात की इकडे येत जा."

मायनं त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"पुढच्या खेपीले तिखट कमी टाकू काय वं?"