पाट्यांची पैदास

नाथाजी गुरुजींच्या चौथीच्या वर्गात हिशोबाला सगळ्यांत चपळ कोण, असं विचारलं तर भिंतीसुद्धा अंबूचं नाव सांगतील. आणि नेमकी तीच आता शाळा सोडून जायची होती.

त्र्याहत्तर सालचा मार्च होता. जत तालुक्याच्या त्या टोकाला दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावाच्या आजूबाजूच्या आठ वस्त्यांना गुंडा ड्रायव्हर रोज टँकरनं पाणी पोचवायचा. त्याला रोजचं डिझेल ठरवून मिळे, आणि ते सातव्या वस्तीपर्यंत कसंबसं पुरे. आठवी वस्ती बिराप्पा धनगराची. तिथलं पाणी बऱ्याचदा टँकरच्या पोटातच परत यायचं. शेवटी वरून निरोप आला : सोमवारपासून ही वस्ती फेरीतून कमी करा.

अंबूचा आजा बिराप्पा गुरुजींना म्हणाला, "सोमवारी दिवस मावळंपर्यंत वाट बघतो. पाणी न्हाई आलं तर घोड्यावर बिऱ्हाड लादतो आन् मेंढरं घिऊन मिरजंकडं नदीच्या अंगाला जातो."

"आणि अंबू?"

"अंबी मेंढरामागं. तिला काय हितं पाण्याबिगर ठिवू?"

गुरुजींनी गुंडाला पुढ्यात बसवून दोन-दोन वस्त्यांमधलं अंतर विचारलं, फळ्यावर लिहिलं, आणि वस्त्या मागंपुढं करून फेऱ्या मांडल्या. दर वेळी डिझेल कमी पडे. आठ वस्त्यांचे क्रम चाळीस हजारांहून जास्त होतात, हे गुरुजींना ठाऊक होतं. ते सगळे मांडायचे म्हटलं तर पुढचा पावसाळा येऊन गेला असता.

शनिवारी सकाळी सोपान कांबळे शाळेत डोकावला. सोपान गुरुजींचाच विद्यार्थी. आता सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता, सुट्टीला आईकडे आला होता. फळ्यावरचं अंतरांचं जाळं बघून तो थबकला. गुरुजींनी सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उजळला.

"गुरुजी, आज वर्ग मला देता?"

"घे की. पोरं घे, खडू घे, फळा घे. उत्तर तेवढं दे."

"उत्तर मी देणार न्हाई. आपण उत्तराची पैदास करू."

गुरुजींना वाटलं, सांगलीच्या उन्हानं पोरगं बिघडलं. पण सोपान मुलांकडे वळला. गेल्या महिन्यात मुंबईत त्यानं अमेरिकेहून आलेल्या एका प्राध्यापकांचं भाषण ऐकलं होतं, तेच तो सांगू लागला. तिकडे काही माणसं कॉम्प्युटरमध्ये चुकीची-माकीची बरीच उत्तरं भरतात. त्यातली बरी निवडतात, त्यांच्या जोड्या लावतात. दोघांचा थोडा थोडा भाग घेऊन लेकरू तयार होतं, मग पुन्हा निवड, पुन्हा जोड्या. पिढ्यांमागून पिढ्या, उत्तर सुधारत जातं.

"चांगला बकरा ठेवायचा आन् मरतुकडा इकायचा, तसं?" मागून धनाजी म्हणाला. वर्गातला हा पहिल्या नंबरचा वात्रट.

"तसंच. फक्त आपल्याकडं कॉम्प्युटर न्हाई, तुमी हाय."

मुलांना केवढा तरी मान मिळाल्यासारखं झालं. प्रत्येकानं मनाला येईल त्या क्रमानं आठ वस्त्या पाटीवर लिहिल्या आणि फळ्यावर बघून अंतराची बेरीज केली. मग सगळे ओसरीवर रांगेत उभे राहिले, कमी अंतराची पाटी पुढं, जास्तीची मागं. पुढच्यांच्या जोड्या लागल्या. मागच्यांनी आपल्या पाट्या पुसून पुढच्यांची लेकरं लिहून घ्यायची.

पहिली जोडी धनाजी आणि अंबूची. सोपाननं धनाजीच्या पाटीवरची वरची चार नावं घेतली, अंबूच्या पाटीवरची खालची चार घेतली. अंबूनं नवी पाटी वाचली आणि तिचा आवाज बारीक झाला.

"सर, खडीमळा दोनदा आलाय. आन् आमची वस्ती कुठं हाय?"

"तुमची वस्ती टँकरला दिसंना, आता पाटीलाबी दिसंना!" धनाजी ओरडला. वर्ग हसला. अंबू हसली नाही.

सोपाननं पाटी पुन्हा वाचली. भाषणातली उत्तरं म्हणजे नुसते शून्य आणि एक होते. त्यांची अदलाबदल केली तरी काही हरवत नव्हतं. "हे मला सुचलंच नव्हतं," तो मुलांना म्हणाला. "काय करायचं, सांगा बघू."

गुरुजी खिडकीशी उभे होते. मास्तरानं 'मला येत नाही' म्हणून मुलांपुढं उभं राहायला किती बळ लागतं, ते त्यांना पुरेपूर माहीत होतं. त्यांना आपल्या विद्यार्थ्याचं फार कौतुक वाटलं.

अंबूनं पाटीवरच्या नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "धनाजीचे चार राहू द्या. मग माझी पाटी पहिल्यापासनं वाचा. जे आलंय ते गाळा, जे न्हाई तेच लिवा. आजा वाडग्यातनं मेंढरं सोडताना मोजतो तसं. गेल्यालं परत मोजत न्हाई, ऱ्हायल्यालं सोडत न्हाई."

सोपाननं तसं केलं. आठच्या आठ वस्त्या आल्या. "अंबू," तो म्हणाला, "हे मी सांगलीला तुझं नाव घेऊन शिकवीन." धनाजीनं तो क्रम आपल्या पाटीवर उतरवून घेतला.

मग वर्गात नुसता कल्ला. बेरजा, रांग, जोड्या, पुन्हा बेरजा. अंतर खाली खाली येऊ लागलं. पण उन्हं वर आली आणि सगळ्या पाट्या एकसारख्या दिसायला लागल्या. गुरुजींना वाटलं, सगळ्यांचं उत्तर एक आलं म्हणजे जमलं. बेरीज तपासली, तर डिझेल अजून थोडं कमीच पडत होतं.

"सगळे एकमेकांचे चुलतभाऊ झाले," सोपान म्हणाला. "नवं रक्त पायजे."

त्यानं चिठ्ठ्या टाकून काही पाट्यांवर दोन नावांच्या जागा डोळे झाकून बदलल्या. मुलांना ही खोडी लय आवडली. रांगेच्या शेवटी शालूची पाटी होती, तिनं सुरुवातीला लिहिलेल्या क्रमाची. जोड्या लावण्याच्या गडबडीत ती पुसायची राहूनच गेली होती, आणि तिचं अंतर सगळ्यांत लांब होतं. गुरुजींनी सवयीनं पुसायला हात पुढं केला. सोपाननं तो हळूच अडवला. "राहू द्या गुरुजी. तिलाबी एक जोडी द्या."

शालूच्या पाटीच्या लेकरात, तिसऱ्या पिढीला, हवं ते उत्तर आलं. टँकर तळेवस्तीच्या फाट्यावरून आत न वळता पुढं जातो, लांबून वळसा घेऊन, बिराप्पाच्या वस्तीवरून परततो आणि त्या परतीच्या वाटेवरच लागणाऱ्या तळेवस्तीला शेवटी पाणी देतो. गुरुजींनी बेरीज केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली. ठरलेल्या डिझेलात बसत होतं. अगदी काठावर, पण बसत होतं.

तळेवस्ती सगळ्यांत जवळ. तहानलेली माणसं टाळून पुढं जायचं, हे गुरुजींच्या किंवा गुंडाच्या मनात कधी आलंच नसतं. पाटीला तसलं काही मन नव्हतं. आणि ते उत्तर काढलं कुणी? तुकडा धनाजीचा, तुकडा अंबूचा, बदल चिठ्ठीचा, आणि वळसा शालूच्या चुकीतला. शालू आपली पाटी उलटी धरून बसली होती. आपल्याच्यानं काय झालं, हे तिच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं आपण किती पाट्या पुसल्या, असं गुरुजींच्या मनात आलं.

गुंडानं क्रम ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आवं गुरुजी, तळेवस्तीच्या बाया हंडे घिऊन हुब्या असत्यात. तिथनं गाडी तशीच रेटली तर दगुड खाईन की मी!"

"दगड मी खातो," गुरुजी म्हणाले. "तू गाडी हाण."

सोमवारी सकाळी गुरुजी तळेवस्तीच्या फाट्यावर जाऊन बसले. सोपान टँकरमध्ये गुंडाशेजारी होता. गाडी धुरळा उडवत न थांबता गेली, तशी आक्काताई कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"गुरुजी, तुमी म्हनलासा म्हून गप बसलो. पानी येनार न्हवं?"

"येणार."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर उद्यापासनं मी घागर घेऊन तुमच्या रांगेत."

"तुमची शेंडी भिजंल एवढं तरी ऱ्हाऊ द्या त्यात," ती म्हणाली, आणि बाया हसल्या.

दुपार कलली. बायांचं हसणं थांबलं. गुरुजींनी तीच बेरीज मनात पुन्हा पुन्हा केली. डिझेल वाटेतच संपलं असेल, चढाला गाडी अडली असेल, असं काय काय डोक्यात येऊन गेलं. सावल्या लांबल्या, तेव्हा माळावर धूळ दिसली.

टँकर येऊन थांबला. गुंडानं खाली उडी मारून डिझेलच्या टाकीत काठी घातली, टोकाचा बोटभर ओला डाग बघितला आणि काठी गुरुजींपुढं धरली. बाया हंडे घेऊन धावल्या.

सोपानच्या मागून अंबू उतरली. केसांत धूळ, अंगात तोच शाळेचा झगा.

"गुरुजी, आज्यानं घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं. उद्या शाळा हाय न्हवं?"

"हाय की गं," गुरुजी म्हणाले.