निळ्या टाक्यांचा कोट

मित्रांनो, मला हातात घेणारा माणूस आधी माझा वास घेतो. मग मला उलटा करून आत पाहतो. मग विचारतो, "कशाचं कातडं हे? कुणाचं होतं?" मी मेंढीच्या कातड्याचा, तपकिरी, दोनदा शिवलेला कोट आहे. माझ्याकडे इतक्यांनी संशयाने पाहिलं आहे, की आता मीही कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही.

माझा पहिला जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवतो तो परशराम. जांबोटीच्या आसपासच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून तो मोटारसायकलवरून डेअरीत पोचवायचा. अकरा वर्षं मी त्याच्या अंगावर होतो. दर दिवाळीला तो मला तेलाचा हात लावायचा. एकदा माझा आतला खिसा उसवला, तेव्हा दुधाच्या कॅनला बांधायच्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने त्याने स्वतःच तो शिवला. टाके वाकडे पडले, पण घट्ट बसले.

मग परशराम आजारी पडला आणि गेला. त्याच्या बायकोने, गुणाबाईने, मला दाराजवळच्या खुंटीला टांगलं. तिकडच्या पावसात भिंतींनाही पाझर फुटतो. माझ्यावर पांढरी बुरशी चढली. गुणाबाई येता-जाता माझ्याकडे पाहायची आणि मान फिरवायची. मला वाटायचं, हिला मी नकोसा झालोय. एका दुपारी बोहारीण आली. गुणाबाईने इकडेतिकडे पाहिलं, मला खुंटीवरून काढलं आणि एका स्टीलच्या डब्यावर देऊन टाकलं. तिची मुलगी पूर्णिमा बेळगावात बँकेत नोकरीला होती. तिला यातलं काहीच कळलं नाही.

बेळगावात जुन्या कपड्यांच्या ढिगात मी कितीतरी दिवस पडून होतो. तिथून मला समताने उचललं. समता निपाणीची. चार वर्षं तिने चामड्याच्या पिशव्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. आता घराच्या पुढच्या खोलीत ती जुने चामडी कोट उसवून त्यांचे नवे कपडे शिवत होती. तिच्या टेबलावरची लांब कात्री पाहिली आणि मला वाटलं, झालं, आपण संपलो.

पण तिने कात्री लगेच उचलली नाही. आधी ओल्या फडक्याने बुरशी पुसली. मला चार दिवस सावलीत वाळवलं. मग एकेक टाका उसवला. कातड्यात सुई एकदा गेली, की तिचं भोक कायमचं राहतं. ते कापडासारखं बुजत नाही. म्हणून ती मला टाचण्या लावत नसे, चिमटे लावायची. माझ्या बाह्या पार झिजल्या होत्या. त्यांच्या जागी तिने दुसऱ्या एका काळ्या कोटाच्या बाह्या घेतल्या. तो काळा कोट कुणाच्या अंगावर होता, कुठे कुठे फिरला होता, देव जाणे. मी त्याच्यापासून अंग चोरूनच होतो.

निळ्या टाक्यांच्या खिशापाशी मात्र तिचा हात थांबला. "कुणी शिवला असंल हा?" ती स्वतःशीच म्हणाली. तो खिसा तिने तसाच ठेवला.

समताचा आजा देवाप्पा ऐंशीच्या घरातला. तो त्या खोलीच्या दारात येऊन उभा राही, पण उंबरा ओलांडत नसे.

"हे कातडं घरात कशाला आणलंस?" एकदा त्याने विचारलं.

"आज्जा, जुनं कोट हाईत हे. मी त्याचं नवं शिवते."

"माझ्या बापानं, भरमानं, गावची मेलेली ढोरं वढली. ढोर मेलं की पयला संशय त्याच्यावर. कातड्यासाठी इख घातलंस म्हणून दोनदा मार खाल्ला त्यानं. भरमा, तू केलंस का, असं एकदा बी कुणी इचारलं न्हाय. धम्म घेतला आन् त्यानं सुरी नदीत फेकली. कातड्यासंगं संशय येतोय, पोरी."

समताचं मशीन थांबलं. "त्येला गावानं जुंपलं हुतं, आज्जा. मी माझ्या मनानं बसलीया." 

देवाप्पा दारातूनच माघारी फिरला.

थोड्याच दिवसांत बेळगावात बायकांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथे मी नवा, आखूड, काळ्या बाह्यांचा कोट होऊन हँगरवर लटकत होतो. लोक आले, वास घेऊन गेले. मग एका तरुण बाईने मला घालून पाहिलं, आतल्या खिशात हात घातला आणि तिचा चेहरा बदलला. ती पूर्णिमा होती.

"हे टाके माझ्या पप्पांचे आहेत," ती म्हणाली. "हा कोट आमच्या घरातून चोरीला गेलाय. तुमच्याकडे कसा आला?"

"बाजारातनं घेतला मी," समता म्हणाली.

"कुठल्या तुम्ही? आडनाव काय तुमचं?"

समताने आडनाव सांगितलं. सोबत आलेल्या मैत्रिणीने पूर्णिमाकडे पाहून भुवई उंचावली. बाजूच्या बायका गोळा झाल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं! पूर्णिमाने तिथूनच आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आई, पप्पांचा कोट चोरीलाच गेलता न्हवं?"

पलीकडे आधी गाय हंबरलेली ऐकू आली. मग गुणाबाई म्हणाली, "व्हय."

"ऐकलंत?" पूर्णिमा म्हणाली. "आता पोलिसांतच जाते."

समताने मला तिच्या अंगावरून उतरवून घेतलं. "रविवारपर्यंत थांबा. कोट घेऊन मी तुमच्या आईच्या समोर येते. मग काय करायचं ते करा." पूर्णिमाने आधी माझा फोटो काढून घेतला, मग आईचा पत्ता सांगितला.

घरी आल्यावर तिने आज्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, बघ, मी सांगत हुतो. पण देवाप्पाने पायताण पुढे ओढलं आणि एवढंच म्हणाला, "रविवारी मी बी येतो."

जांबोटीकडे बस मोजक्याच. बसमधून उतरून ती दोघं बरंच चालली. मी समताच्या पिशवीत होतो आणि वाटभर एकच विचार करत होतो. लेकीसमोर गुणाबाई खरं बोलेल कशाला? तिला मी ओळखत होतो. खोटं तिने एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं.

पूर्णिमा आधीच पोचली होती. समताने मला गुणाबाईच्या पुढ्यात ठेवलं. गुणाबाईने पाहिलं आणि मान फिरवली, अगदी पूर्वीसारखी. माझी उरलीसुरली आशा गेली.

तेव्हा देवाप्पा बोलला. "बाई, माझ्या बापावर ढोरं मारल्याचा आळ घेतला तवा खरं ठावं असणारं माणूस गावात हुतं. ते गप बसलं. तुमी गप बसू नगा. काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. तुमी सांगाल ते आमी ऐकून जाऊ."

गुणाबाई खाली बसली. तिने माझ्या खिशात बोटं घातली आणि निळे टाके चाचपले.

"मीच दिला बोहारणीला," ती म्हणाली.

"आई!"

"वाऱ्यानं हलला की वाटायचं, आलेत. दर बारीला दार उघडायची मी, पूर्णिमा. आन् भायेर कुणी न्हाय. किती दिवस काढू असं? तू इचारलंस तवा तोंडातनं गेलं, चोरीला गेला म्हणून. मग फिरवता आलं न्हाय." मग ती समताकडे वळली. "पोरी, त्या दिवशी फोनवर बी मी भ्याले. तुझ्यावर आळ आला माझ्यापायी."

स्वतःला नकोसा समजत होतो मी, आणि ती माझ्याकडे पाहूच शकत नव्हती! इतके दिवस तिच्या खुंटीवर राहून मला तेवढंही कळलं नव्हतं.

"मी तुमचं आडनाव विचारायला नको होतं," पूर्णिमा समताला म्हणाली. ती मनापासून बोलली की लाजेने, हे मला अजून सांगता येत नाही. पण तिने तिथेच पैसे देऊन मला आईसाठी रीतसर विकत घेतलं आणि प्रदर्शनातल्या बायकांना दुसऱ्याच दिवशी फोन करून खरं काय ते सांगितलं.

त्या रविवारी निघताना समता म्हणाली, "मावशी, घालून तरी बघा."

गुणाबाईने लुगड्यावर मला चढवलं. परशरामच्या मापाचा मी आता राहिलो नव्हतो. तिच्या अंगाला मात्र नीट बसलो. देवाप्पाने पुढे होऊन माझ्या खांद्यावरची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली, एकदा, दोनदा. "शिवण पक्की हाय," तो नातीला म्हणाला. समता हसली नाही, रडलीही नाही. तिने फक्त त्याचा हात धरला.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना कोंदट जागी टांगू नका. भिजलो तर उन्हात नको, सावलीत वाळवा. कधीमधी तेलाचं बोट फिरवा. आणि आम्ही कुठून आलो असा प्रश्न पडला तर जरूर विचारा. पण उत्तर आधीच ठरवून विचारू नका. तसं करण्यात मीही चुकलो आहे.

आता रोज सकाळी थंडीत गुणाबाई मला घालून गोठ्यात धार काढायला जाते. परवा शेजारची अक्काताई कुंपणावरून डोकावली. तिने माझ्या काळ्या बाह्यांकडे निरखून पाहिलं.

"कुणाचा गं ह्यो कोट?"

गुणाबाईने गाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "माझा."