ताळा पहिल्या ओळीत

पन्नाशी उलटल्यावर मावशीने अर्धवट सुटलेल्या शाळेची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं, आणि गणित शिकवायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं. आज समीकरण होतं: 3(x − 2) = 10.

मावशीने पुढच्या ओळीत 3x − 2 = 10 लिहिलं, x ची किंमत 4 काढली आणि लगेच ताळाही करून टाकला. बारातून दोन गेले, दहा उरले. "बघ, चोख!"

"चुकलंय," भाची म्हणाली.

"डोळे फुटले का तुझे? दोन्ही बाजू जुळल्यात की!"

"जुळणारच. तू ताळा तुझ्याच दुसऱ्या ओळीत केलास. कंस सोडवताना तिनाने दोनाला गुणलंच नाहीस. आता हेच चार पहिल्या ओळीत घालून बघ."

मावशीने कुरकुरत घातले. सहा आले. हवे होते दहा.

"म्हणजे मी चुकीलाच विचारत बसले, तू बरोबर आहेस का म्हणून!"

भाचीला हसू आलं. मावशीला आलं नाही. तिचं आणि तिच्या बहिणीचं, म्हणजे भाचीच्या आईचं, दोन वर्षं बोलणं बंद होतं. ते भांडण मावशी भेटेल त्याला ऐकवायची, आणि दरवेळी सुरुवात एकच असायची: "भरल्या ताटावरून उठून गेली, बाई!"

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"तू होतीस ना गं तेव्हा जेवायला? तुझी आई उठली, त्याच्या आधी मी काय बोलले होते?"